आठ घड्यांचं फडकं

माणूस मरू घातला की कारण शोधावं, कारण सापडलं की गुन्हेगार सापडतो, गुन्हेगार सापडला की न्याय होतो. जानराव जमादाराने हे नोकरीच्या पहिल्या वर्षी मनापासून ऐकून घेतलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी त्याला एवढंच ठाऊक होतं की या सगळ्यासाठी पायी जावं लागतं, कारण सायकल नाल्यापलीकडे जात नाही.

१९५६ चा मार्च होता. मेडशीच्या चौकीवर सकाळीच तांड्याहून निरोप आला. किसनसिंगाला त्याचा धाकटा भाऊ लखीराम विष घालून मारतोय. बेडी घेऊन यावं.

बेडी जड होती. जमादाराने ती टेबलावर ठेवली आणि तो निघाला.

तांड्याचा नाईक हेमसिंग वेशीवरच उभा होता. चालता चालता त्याने हकीकत सांगितली. तीन आठवड्यांपूर्वी बैलाने मान उडवली आणि शिंगाचं बूड किसनसिंगाच्या हनुवटीवर बसलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टराने वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले. तार सहा आठवडे ठेवायची. तोवर खाणं नाही, फक्त पिणं.

"मंग दूध देत असतील," जमादार म्हणाला.

"दूध त्याले लहानपनापासून चालत नाई. घोटभर पोटात गेलं का दिवसभर वावरातच. डॉक्टरनंबी बंद सांगतलं. म्हने, ताकद पायजे तं दाळ द्या, शेंगदाने द्या, अंडं द्या. गाळून द्या."

"देतात?"

"रोज अर्धा शेर तुरीची दाळ. दोन अंडे. ओंजळभर शेंगदाने. माह्या डोळ्यांदेखत मोजून घरात जाते. जमादारसाहेब, एवढ्यात पैलवान पोसला असता."

"आन् हा?"

"पाहा ना तुमीच."

किसनसिंग झोपडीबाहेर खाटेवर पडला होता. दंडातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत उतरलं होतं. गाल आत गेले होते, डोळे तेवढे मोठे राहिले होते. खाटेपासून दहा हातांवर, बाभळीखाली, त्याचा जबडा मोडणारा बैल बांधलेला होता. मार्चमध्ये तांड्यावरच्या सगळ्या जनावरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. याच्या येत नव्हत्या.

"हेच तं," नाईक खालच्या आवाजात म्हणाला. "मालक वाळून राह्यला आन् बैल फुगून राह्यला. लोक काय म्हनतील? किसनसिंगाले लखीरामशिवाय कोनी पाजत नाई. वावर दोघांचं. एक गेला का दुसऱ्याचं. सोमवारी पंच बसतात. तुमी नाई नेलं तं आमी त्याले तांड्यातून काढतो."

जमादार सावलीत बसला. उभं राहून चौकशी करण्याइतके त्याचे गुडघे आता सरकारनिष्ठ राहिले नव्हते.

आधी लखीराम आला. विशीबाविशीचा असेल.

"तू पाजतं?"

"हो."

"काहून तूच?"

"बोंडल्यानं पाजा लागते, गालाच्या कडेनं, थेंब थेंब. घंटाभर लागते. दुसऱ्या कोनाले दम नाई निंगत."

"दाळ तू शिजवतं?"

"वहिनी शिजवते. मी लोटा घेतो आन् पाजतो."

"मंधात, पाजाच्या आधी, तू काय टाकतं?"

"काई नाई. मीठबी वहिनीनंच टाकलं असते. मी चाखून पाह्यतो."

"विष टाकनारा चाखत नाई."

"नाईकाले सांगा."

"बैल कोन चारते?"

"मीच. कडबा संपला, तं घरातून देतात ते घमेलं पुढं ठेवतो."

हे जमादाराने ऐकलं, पण त्या वेळी त्याला तहान लागली होती.

मग किसनसिंगाची विचारपूस. त्याला बोलता येत नव्हतं आणि लिहिता कधीच येत नव्हतं. ठरलं की एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"भाऊ तुले काई वाईट पाजते काय?"

दोन हुंकार. नाईक म्हणाला, भावाची माया आहे, तो तसंच म्हणणार.

"पोटात दुखते? उलटी?"

दोन.

"भूक लागते?"

एक हुंकार. तो संपायला वेळ लागला.

दुपारचा लोटा आला. लखीराम पाजायला बसला आणि जमादार पाहत बसला. लोटा भरून होता, पिवळा, वाफाळता, हिंगाचा वास असलेला. तासाभराने रिकामा झाला. जमादाराने तो हातात घेऊन उन्हात धरला. आतून चकचकीत होता. बोट फिरवलं. बोट ओलं झालं, पण त्याला काहीच चिकटलं नाही.

"लोटा घासला कोनी?"

"आत्ता तं संपला," लखीराम म्हणाला.

किसनसिंगाची म्हातारी आई हिरीबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम बोलली.

"एक पोरगं मरून राह्यलं. दुसरं तुमी नेता. मंग मले काय ठेवता, हा लोटा?"

"मावशी, नेलं नाई अजून."

"बेडी नाई आनली?"

"जड हाये."

तिने त्याच्याकडे पाहिलं. थकलेल्या माणसाला थकलेला माणूस ओळखू येतो.

"मावशी, सूनबाईसंग बोला लागते."

"ती नाईकापुढं बोलत नाई. तिच्या सासऱ्याच्या जागी हाये तो."

"म्हंजे तीन आठवड्यांत तिले कोनी काईच इचारलं नाई?"

"कसं इचारनार? नाईक तं रोज इथंच रायते."

जमादाराने नाईकाला प्यायचं पाणी आणायला विहिरीवर पाठवलं. नाईकाला हे आवडलं नाही, पण सरकारी काम होतं.

झोपडीत किसनसिंगाची बायको रुपाबाई संध्याकाळच्या दाळीला बसली होती. घुंगट खाली ओढलेलाच होता, आवाज मात्र स्पष्ट होता.

"दाळ दाखव, बाई."

तिने दाखवली. भांड्यात अर्ध्या शेरातली उरलेली दाळ रटरटत होती, शेंगदाण्याचा कूट तिच्यातच पडलेला. फेटलेली अंडी तिने उकळत्या दाळीत ओतली. ती लगेच फुटून गोळे झाली. मग तिने एक फडकं घेतलं, धुतलेलं, पिवळं पडलेलं. घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. रिकाम्या पातेल्यावर धरलं आणि दाळ ओतली.

"किती घड्या?"

"आठ."

"पयले किती होत्या?"

तिने फडक्याची कड सरळ केली. "एक. दवाखान्यातल्या मानसानं सांगतलं होतं, एक दाना जाऊ देजो नोको, तारेत अडकन, उलटी झाली तं तोंड उघडत नाई, जीव जाईन. चौथ्या दिवशी शेंगदान्याचं सालटं घशात गेलं. ते काळेनिळे पडले. मी दोन घड्या केल्या. मंग खोकले, चार केल्या. आता आठ हायेत. आता खोकत नाईत."

फडक्याखाली पिवळं पाणी ठिबकत होतं. जमादाराने तळहात पुढे केला आणि त्यावर थोडं घेतलं. तळहातावरच्या रेषा त्यातून दिसत होत्या.

"आन् वरचं? फडक्यातलं?"

"बैलाले."

"घरचे काहून नाई खात?"

"सासू म्हनते, आजाऱ्याच्या वाट्याचं घरच्यानं खाल्लं तं त्याचं आयुष्य खाल्लं. फेकनं बी पाप. मंग बैलाले टाकतो."

जमादार उठला. गुडघ्यांनी आपलं मत नोंदवलं. तोवर नाईक पाणी घेऊन आला होता, आणि पाण्यामागोमाग अर्धा तांडा.

"सापडला काय?" नाईकाने विचारलं.

"सापडला."

लखीरामने मान खाली घातली. हिरीबाईने त्याचा हात असा धरला, की तो सोडवायला कुणी आलं असतं तर तिच्या मनगटासकट न्यावा लागला असता.

जमादाराने फडकं आणून नाईकाच्या पुढ्यात खाटेवर ठेवलं.

"हा. बेडी याच्या मापाची नाई."

कुणी हसलं नाही. मग त्याने सावकाश सांगितलं.

"सकाळी तुमीच म्हनलं, नाईक, मालक वाळला आन् बैल फुगला. तुमी बरोबर पाह्यलं, हिशेब चुकला. विष असतं तं पोट दुखलं असतं, उलटी झाली असती. याले काईच नाई, फक्त भूक. लोटाभर पेऊन भूक. लोटा पाह्यला मी. दाळीचा लोटा रिकामा झाला तं आतून चिकटते, घासल्याबिगर निंगत नाई. हा कोरा निंगाला. म्हंजे त्याच्यात दाळ नव्हतीच, दाळीचं पानी होतं. मीठ, हळद, हिंग. चव सगळी पाण्यात आली, म्हून लखीरामनं चाखलं तरी कळलं नाई. ताकद फडक्यात राह्यली. अर्धा शेर दाळ, दोन अंडे, ओंजळभर शेंगदाने, तीन आठवडे रोज कोनी खाल्ले?"

सगळ्यांनी बैलाकडे पाहिलं. बैल रवंथ करत होता. अंडी खाल्ल्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"पंच कोनाले काढतील सोमवारी?" जमादाराने विचारलं.

नाईकाने फडक्याच्या घड्या उलगडल्या. मग म्हणाला, "लखीराम इथंच राह्यन."

रुपाबाई दारात उभी होती. नाईकासमोर ती बोलणार नव्हती. जमादार तिच्याकडे न पाहता बोलला, कारण पाहिलं असतं तर ती रडली असती.

"बाई, तुले सांगतलं, दाना जाऊ देऊ नोको. तू जाऊ देल्ला नाई. ताकद दान्यातच असते हे सांगाचं राह्यलं. उद्यापासून दाळ पूर्न शिजव, पाट्यावर लोन्यासारखी वाट. शेंगदाने भाजून सालटं काढ, तेल सुटेपर्यंत वाट. मंग ऊन पानी घाल, बोंडल्यातून वाह्यलं पायजे इतकं. अंडं उकळत्यात नोको, कोमट झाल्यावर फेटून. फडकं ओलं कर. घडी एकच. आन् बोट फिरवून पाह्य, लोट्याले चिकटलं पायजे."

"तुमाले हे कसं ठावं?" हिरीबाईने विचारलं.

"माह्या मायले शेवटी गिळता येत नव्हतं. वरीसभर मीच वाटत होतो."

जमादार निघाला. नाल्यापर्यंत लखीराम त्याच्यासोबत चालला.

पुढच्या तीन आठवड्यांत चांदीचं कडं हळूहळू वर सरकलं. तार काढायला किसनसिंगाला दवाखान्यात नेलं, तेव्हा तांड्यातले सात-आठ जण गाडीतून बरोबर गेले. मरता मरता राहिलेला माणूस पहिल्यांदा काय बोलतो, हे ऐकायचं होतं.

तुरीची दाळ त्याला लहानपणापासून आवडत नव्हती, असं तो म्हणाला.