चौथा ठोका

माघातली दुपार होती. साल अठ्ठावन्न. मुंबईहून मोटारीने आलेला शिशाचा डबा दत्तोबाने पिंपरीतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत तान्हं मूल न्यावं तसा जपून आत नेला. डब्यात किरणोत्सर्गी पोटॅशियम होतं. बारा तासांत त्याचा जोर निम्म्यावर यायचा, म्हणजे काय व्हायचं ते आजच.

दत्तोबा कासारवाडीचा, काचेच्या नळ्या फुंकणारा कारागीर. शाळा चौथीतच सुटलेली. पण प्रयोगशाळेचे प्रमुख नानासाहेब यांनी त्याला सगळं समजावलं होतं. बेडकाचं हृदय त्या पोटॅशियमच्या पाण्यात भिजवायचं, मग साध्या खारट पाण्यात धडधडत ठेवायचं. प्राणवायू तोडून नत्रवायू सोडला, की धरून ठेवलेलं पोटॅशियम ते भराभर सोडणार, असं साहेबांचं म्हणणं. मोठमोठे लोक हसले. साहेबांनी पुन्हा प्रयोगाची मांडणी केली. एवढा चिवट माणूस दत्तोबाने पाहिला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांचं मनगट दत्तोबाच्याच हातात होतं. तीन ठोके, चौथा गायब. पुन्हा तीन, चौथा गायब.

आता त्यांच्या शिष्या सुमनताई प्रयोग पुरा करत होत्या.

"दार बंद ठेवा, धूळ येते. तुम्ही बाहेर किरण मोजायच्या पेटीशी बसून दर मिनिटाच्या टकटकीचे आकडे लिहा."

"व्हय ताई. पन तुमी च्या बी घेतला न्हाई."

"हृदय बेडकाचं थांबायचंय, दत्तोबा. माझं नाही."

आतल्या मोजणीच्या नळीला तारेने जोडलेली पेटी टकटकू लागली. तव्यावर मोहरी तडतडावी तशी, बिनतालाची. चाळीस. मग नत्रवायू सुटला. साठ. नव्वद. एकशेदहा. दत्तोबा भराभर आकडे लिहीत गेला. साहेबांचं खरं होत होतं.

मग तडतड एकदम थांबली.

टक्… टक्… टक्… आणि रिकामी जागा.

टक्… टक्… टक्…

दत्तोबाची पेन्सिल थांबली. साहेब म्हणायचे, "या टकटकीला ताल नसतो. ताल लागला तर काहीतरी बिघडलंय. सरळ आत यायचं."

हवेत लवंगेचा वास आला. साहेबांच्या दाढेखाली कायम लवंग असायची.

त्याने दार ढकललं. सुमनताई जमिनीवर पडल्या होत्या, ओठ निळे. नत्रवायूची रबरी नळी हृदयाच्या बरणीवरून निसटून फुसफुसत होती. श्वास कोंडून त्याने सिलिंडर बंद केला आणि त्यांना ओढत ओसरीवर आणलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"आकडे…?"

त्याने कागद पुढे धरला. त्यांनी बोटाने एकेक आकडा वाचला. डोळे भरून आले.

"साहेब बरोबर होते… पण तुम्हाला कळलं कसं, दत्तोबा?"

"टकटकीला ताल लागला, ताई. म्हून आलो."

सुमनताई कोपरावर टेकून उठल्या.

"कसा लागेल? मोजणीची नळी तर माझ्या हातून पडून फुटली, तिच्याशिवाय पेटी मुकी. तुकडे उचलायला वाकले… तेवढंच आठवतंय."

दत्तोबाने आत पाहिलं. त्याने स्वतः फुंकलेली काच फरशीवर चुरा होऊन पडली होती.

बाहेर बाकावर पेटी चालूच होती.

टक्… टक्… टक्…

दत्तोबा सवयीने रिकाम्या जागेची वाट बघत राहिला.

या वेळी चौथाही पडला.