डावीकडे कललेल्या रेघा

१९७२चा मे. शाळेला सुट्टी लागली आणि ओळखीच्या कृष्णकांतरावांनी मला धंतोलीतल्या घरी बोलावलं. त्यांच्या आत्याच्या, कैलासवासी यमुताईंच्या, एका रेखाचित्राला कसर लागली होती. हुबेहूब नक्कल हवी होती.

"पुष्पलताबाई, तुमच्यासारखी ड्रॉइंग टीचर नागपुरात दुसरी नाही," ते म्हणाले. मी खूश झाले. चित्र पाहीपर्यंत.

गहू निवडणारी पाठमोरी बाई. बस्स. पण मानेपासून कमरेपर्यंत पाठीची एकच रेघ, पेन्सिल न उचलता ओढलेली. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं चित्रं काढते, जुलैत माझं प्रदर्शन होतं, आणि अशी एक रेघ माझ्या हातून कधी उतरली नव्हती. ही बाई तर म्हणे स्वयंपाक उरकून वाण्याच्या पुडीच्या कागदावर चित्रं काढायची!

चित्र समोर भिंतीवर लावून, वाळ्याच्या ताटीआड बसून आठ दुपारी मी ती रेघ ओढली. दर वेळी कमरेपाशी तुटायची. मग नाचता येईना, अंगण वाकडं. मी चित्रातच खोट काढू लागले. छायेच्या रेघा सगळ्या डावीकडे कललेल्या होत्या. माझ्या उजवीकडे कलतात, चारचौघांसारख्या.

"आत्या डावखुरी होती," कृष्णकांतराव म्हणाले.

त्यांची म्हातारी स्वयंपाकीण मनकर्णा पाण्याचा गडवा ठेवत होती. "लय मार खाल्ला बिचारीनं त्यापायी. लहानपणी डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हनून बापानं तळव्यावर चटका देल्ला. मरेपावतर देवापाशी रडे, मले उजवा हात दे म्हनून."

असला हात मिळूनही रडायची! नवव्या दुपारी, खोलीत कोणी नसताना, मी चित्रावर खेकसले, "दे की मग तुझा मला. माझा घे!"

ताटीचं पाणी टपटपत होतं. मी कोरा कागद घेतला. मान, पाठ, कंबर.

रेघ एका दमात उतरली.

मी मोठ्याने हसले. छाया भराभर भरली. घे यमुताई, म्हटलं, आता बोल!

तेवढ्यात मनकर्णा टेकडीच्या गणपतीचा प्रसाद घेऊन आली. मी हात पुढे केला.

"अवं बाई, डावा काहून? उजवा कर वं पुढं."

बोटांना शिसं लागलं होतं. डाव्या बोटांना. उजवा हात मांडीवर होता. मी तो उचलायला गेले.

उचलला गेला नाही.

मी भिंतीवरच्या यमुताईंच्या चित्राकडे पाहिलं. कागद तोच, कसर तीच. पण छायेच्या रेघा उजवीकडे कलल्या होत्या, आणि पाठीची रेघ कमरेपाशी तुटली होती.

परत माग, असं मनात आलं. तोंडही उघडलं. मग समोरच्या माझ्या कागदावरची ती पाठ दिसली.

मी डावाच हात पुढे धरला.

मनकर्णा वाकली आणि प्रसाद देता देता थांबली. माझ्या तळव्यावर चटक्याचा जुना डाग होता.