तांदळातलं नाव

अनिशचं एक वागणं वासंतीबाईंना बिल्कुल पटत नसे. आईसमोर "हो आई" आणि मयुरासमोर "हो गं". दोन्हीकडे मान डोलावणारा हा मुलगा उद्या बोहल्यावर चढणार होता, आणि बायकोचं नाव बदलायचं की नाही, यावर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मुलगी मात्र त्यानंच शोधलेली. दिल्लीच्या राजीव चौकात मेट्रो चेंज करताना तिनं वाट विचारली, यानं चुकीचा जिना दाखवला, आणि माफी मागत मागत पार गुरुग्रामपर्यंत तिच्यासोबत गेला. वासंतीबाईंना मेट्रो आवडत नसे. गाडीत स्टेशनांची नावं सांगणारी ती बाई "द्वारका" म्हणाली की त्यांची मान उगाच वळायची... का, ते त्या कुणाला सांगत नसत.

लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. उद्या चुकायला नको, म्हणून आर. के. पुरमच्या घरी त्यांनी दुपारीच ताट मांडलं. नाव ठरलं होतं — विनया. तेवढ्यात मेंदीचे हात सावरत मयुरा दारात उभी.

"नाव बदलणार असाल, तर उद्या मी येणार नाही."

"अगं, साडी चेंज करतो, चॅनेल चेंज करतो, तसंच नाव. त्यात काय एवढं?"

"साडी चेंज केली की जुनी कपाटात राहते, आई. जुनं नाव कुठे ठेवायचं?"

इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी मुलगी, तोंड चालणारच. "लिही रे," वासंतीबाई म्हणाल्या.

अनिशनं मयुराकडे पाहिलं. तिची मान हळूच हलली — नको. तरी त्यानं लिहिलं.

"छान आहे हं अक्षर," ती म्हणाली. "कोण ही? सुंदर आहे का?"

"मयुरा... यार..."

"मयुराला बोलावतोस? ती तर पुसलीस आत्ता."

तेव्हाच आंधी आली, दिल्लीचं ते धुळीचं वादळ. आभाळ पिवळं झालं, मग तपकिरी, वीज गेली. खिडक्या बंद होत्या, घरात वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी ताटातले तांदूळ सळसळले... कुणी बोट ओढावं तसे, सावकाश. आणि वासंतीबाईंच्या मानेमागे, श्वासाइतक्या बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं — "द्वारके..."

उजेड आला. ताटात विनया नव्हतं.

"द्वारका?" अनिशनं वाचलं. "मी नाही लिहिलं, आई. द्वारका म्हणजे... सेक्टर एकवीसवालं स्टेशन?"

वासंतीबाई ताटावर वाकल्या. काना वाकडा, र पडायला आलेला. चौथीत त्यांची शाळा सुटली, तोवर हाताला एवढं एकच नाव बसलं होतं. लग्नात मुरलीधररावांनी तांदळावर वासंती लिहिलं, त्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. घेणारं माहेरीही आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी बोट टेकवलं. तांदूळ कोमट होते... हात आत्ताच उचलल्यासारखे.

"कोण द्वारका, आई?" मयुरानं त्यांचा हात धरला.

"मी."

अनिशनं अंगठी ताटाशेजारी ठेवली.

"आई, मला मयुराशी लग्न करायचंय. विनयाला मी ओळखत नाही."

मयुरा त्याच्याकडे बघतच राहिली. डोळे भरले, तरी हसली — "चुकीचा जिना नाही दाखवलास या वेळी."

वासंतीबाईंनी पदर सावरला आणि मुलाकडे रोखून पाहिलं.

"आदल्या दिवशी का होईना, तोंड उघडलंस. उचल ती अंगठी आणि मयुरा लिही. खाली लिही, बावळटा... वरचं पुसायचं नाही."