राखणीची काठी

लाईट येस्तवर सांगतो, बसा. पृथ्वीराज, मोबाईलची बॅटरी बंद कर आधी. भुताची म्हणून सांगत न्हाय मी. आमच्या सयाजीवर बेतलेली गोष्ट हाय, मागच्याच शनिवारची. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला हाय की तो, माझ्याच धनगरवाड्यातला, राधानगरीच्या वरल्या अंगाचा.

दुपारी ड्युटी सुटली तसा तो मोटरसायकलीवर गावाकडं निघाला. काम साधं. बिरोबाच्या राईत, देवाच्या राखीव रानात, रातची राखण करायची.

आमच्या वाड्यानं औंदा राखण परत सुरू केलीया. लाकूडतोडे रातचं येऊन जांभळ, हिरडा कापून न्यायला लागले, तवा वाड्यातल्या पोरापोरींनी बैठक घेतली. राई आपल्या वाडवडलांची, आपणच राखायची, म्हणली. म्हाताऱ्यांना इचारून जुनी रीत काढली, माळ्यावरचं ढोल खाली काढलं. मला बरं वाटलं. खरं सांगतो, लई बरं वाटलं.

रीत अशी. एका रातीला एक घर. हातात राखणीची काठी. उजाडलं की पुढच्या घरचा माणूस राईत येतो, काठी हातात घेतो आणि म्हणतो, "पाळी माझी, तू मोकळा." तवर पहिल्यानं राई सोडायची न्हाय. पाऊस येऊ दे, न्हायतर वाघ येऊ दे.

पोरांची चूक एकच झाली. राखण बंद पडून चाळीस वर्सं झालेली. जुनी काठी गावली न्हाय, म्हणून नवी तोडली आणि वाड्याच्या पहिल्या घरापास्नं पाळी धरली. राखण कुणावर थांबली हुती, ते कुणी इचारलंच न्हाय.

थांबली हुती सयाजीच्या बापावर. बाळासो त्याचं नाव. त्याच्या पाळीच्या रातीला राईत गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकं बघायला गेली तर माणूसबी न्हाय, काठीबी न्हाय. राखण टाकून पळाला म्हणली. सयाजी तवा पाळण्यात. त्याच्या आईनं, बायडाबाईनं, ते बोलणं जन्मभर ऐकून घेतलं. म्हणून सयाजीला ही पाळी चुकवायची नव्हती. बापाचं नाव धुऊन काढायचं हुतं त्याला.

तर रातीचं दोन वाजून धा मिनिटं. देवाच्या दगडापाशी सयाजी बसलेला. पायात चप्पल न्हाय, जवळ उजेड न्हाय, तशी रीतच हाय. राखण्या मधनंमधनं दगडावर काठी आपटतो. सयाजीनं आपटली.

पलीकडनं उत्तर आलं.

ठक्.

राईत एका टायमाला एकच राखण्या असतो… दुसरा न्हाय.

ठक्… जवळ.

"उजाडलं का रं?"

सयाजी कसंबसं म्हणला, "न्हाय अजून."

"बरं… मग बसतो."

रातकिडंबी गप. मग…

"कुणाच्या घरचा तू?"

"बायडाबाईचा… ल्योक."

नुसता श्वास. सयाजी म्हणतो, कोणतरी रडू आवरतंय असं वाटलं.

"आबा?" त्यानं अंधारात हात पुढं केला. "द्या ती काठी. पाळी माझी, तुमी मोकळं."

"तुझी न्हाय, बाळा… माझ्यामागं दुसरं घर हाय."

आणि त्या घराचं नाव सांगितलं.

उजाडलं तवा तिथं कोण नव्हतं. पुढच्या घरच्यानं नवी काठी हातात घेतली, तसा सयाजी सरळ माझ्याकडं आला, हितं उचगावला. दारातच उभा राहिला. पाणीबी घेतलं न्हाय. म्हणला, "आण्णा, त्या सकाळी तुमी कुठं हुता?"

…

पृथ्वीराज, गप बस. सांगतोय न्हवं.

पुढचं घर आमचं हुतं. बा अंथरुणाला खिळलेला, म्हणून पाळी माझ्यावर आलती. वीस वर्सांचा हुतो. फौंड्रीत त्याच दिवशी हजर व्हायचं हुतं, आणि एस्टी साडेपाचची. मी एस्टी धरली. म्हणलं, उजाडल्यावर येईल की बाळासो आपसूक घरी, कोण बघतंय. आणि लोकं त्याला पळपुटा म्हणली, तवाबी मी तोंड उघडलं न्हाय. चाळीस वर्सं. बायडाबाई दिसली की मी वाट बदलायचो.

आज सकाळी दार उघडलं. उंबऱ्याला काठी टेकवलेली. नवी न्हवं… जुनी. मुठीपाशी आमच्या बानं त्याच्या पाळीला कोयत्यानं घेतलेली खाच हाय, ती मी आंधळा झालो तरी वळखीन. सयाजीला फोन लावला. तो रातपाळीला हुता, त्याला काय ठाव न्हाय.

आज रातीच वाड्यावर जायचं म्हणतोय, राईत, बाळासोला मोकळा करायला. पण पाय उचलत न्हाय, पोरांनो.

ती काठी बघा… उंबऱ्यालाच हाय अजून. टोकाला राईतला काळा चिखल. पाऊस जाऊन दोन म्हैनं झालं. दिवसभर दारातल्या उन्हात हुती ती.

वाळला न्हाय.