पहिला फेरा

बाहेर सहा दिवस पाऊस थांबला नव्हता आणि आत, संशोधनासाठी, नळाने पाऊस पाडत होते. बाहेरचा पाऊस प्रमाणित नाही, असं संचालक डॉ. फातर्पेकर यांचं म्हणणं.

घाटमाथ्यावरच्या ओलमार्ग संशोधन केंद्रात नखरबराचा नवा टायर या प्रमाणित पावसात शंभरपैकी शंभर वेळा रस्ता धरत होता. घाटातल्या चाचणीसाठी दौलत गुरबे यांच्या पिकअपला लावला की मात्र घसरत होता. टायरचे तीन संच लावून झाले होते. कोणाला काही कळत नव्हतं, आणि प्रत्येकाकडे त्याचा आलेख होता.

"दोनदा गाडी आडवी झाली म्याडम," दौलत निथळत उभा होता. "एकदा मागचं चाक कठड्याच्या भाईर. खाली तीनशे फूट. आनि पंपाच्या छपराखाली कोरड्यात गेलो, तर गाडी डिंकात रुतल्यागत. उलट्या काळजाचे टायर दिलायसा तुम्ही."

डॉ. ऊर्मिला खासनीस यांनी टायर त्याच्यासमोर आडवा ठेवला.

"हे बघा. पिकअप रिकामी असली की मागचं अंग हलकं. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात."

"म्हनून तर आम्ही हौद्यात वाळूची पोती टाकतोय."

"पोती नकोत म्हणून हे रबर. मांजरासारखी नखं आहेत यात, केसाहून बारीक. कोरड्यावर आत, ओल्यावर बाहेर."

"कोरडं कंचं आनि वलं कंचं, टायरला कोन सांगतंय?"

"पहिला फेरा. बसवल्यावर चाक पहिल्यांदा ज्याच्यावरून फिरतं, त्याला टायर कोरडं समजतो. त्याची शून्यस्मृती. ती पुन्हा बदलत नाही."

"तो फेरा इथंच मारून का देत न्हाई मग?"

"एक फेरा झालेला टायर लोक जुना म्हणतात," फातर्पेकर म्हणाले. "शिवाय पुस्तिकेत अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय, पहिला फेरा कोरड्या जागी घ्यावा."

"कोरड्यातच घेतला की. पंपाच्या छपराखाली."

"टायर बसवले आणि गाडी सुरू केली?" ऊर्मिलाने विचारलं.

"व्हय. म्हंजे, लिंबं ठेवली आनि सुरू केली."

नळाचा पाऊस कोणीतरी बंद केला.

"नवे टायर म्याडम! लिंबू चिरडल्याबिगर गाडी काढतंय का कोन? चारी चाकांखाली एकेक. नारळ फोडून पानीबी शिंपडलं. तिन्ही येळेला. तुमचं काम, कमी कशाला ठेवू?"

ऊर्मिला खाली बसली. "म्हणजे टायरच्या लेखी लिंबाचा रस आणि नारळपाणी हेच कोरडं. ओला रस्ता लागला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं, नखं आत. कोरडा लागला की दचकतो, नखं बाहेर."

"लिंबानं घसरली म्हनताय? आई म्हनती लिंबानंच वाचलास."

यावर ऊर्मिलाकडे आलेख नव्हता.

फातर्पेकर मात्र खूश झाले. तीस वर्षं ते गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत होते. आता अंधश्रद्धा नखांच्या लांबीत मोजता येणार होती. चौथा संच गोदामाच्या कोरड्या फरशीवर बसवायचा, लिंबाशिवाय, आणि आत्ताच घाट उतरायचा.

"बिनलिंबाचा? एकटा न्हाई जायचो सायेब."

"मी बसतो शेजारी," फातर्पेकर म्हणाले. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी दरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

टायर बसले. नखांची लांबी दाखवणारं पडदायंत्र मांडीवर घेऊन ऊर्मिला केबिनमध्ये मधे बसली, खिडकीची जागा फातर्पेकरांना ठेवून; दौलतने स्टिअरिंग धरलं. चारही चाकांची शेवटची पाहणी फातर्पेकरांनी स्वतः, वाकून, एकट्याने केली. त्यांचा गुडघा दुखतो हे माहीत असल्यामुळे दोघांना फार बरं वाटलं.

पहिली दोन वळणं गाडी भिंतीवरच्या पालीसारखी गेली. दौलत शीळ घालू लागला. तिसऱ्या वळणावर ऊर्मिला म्हणाली, "थांबा. तीन चाकांची नखं बाहेर आहेत. मागचं डावं..."

मागचं डावं घसरलं. हौदा दरीकडे वळला, तीन चाकांनी रस्ता ओरबाडला, आणि कठड्यापासून वीतभर अलीकडे गाडी थांबली. पाऊस तेवढा चालू राहिला.

दौलत उतरला. डाव्या चाकाशी बसून त्याने खाचेतून काहीतरी उपसलं आणि खिडकीशी आणून धरलं. चिरडलेलं अर्धं लिंबू.

"आईच्यान म्याडम, मी न्हाई ठेवलं."

दोघांनी फातर्पेकरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला.

"तुलनेसाठी एक चाक लागतंच," ते म्हणाले. "तीन बिनलिंबाची, एक लिंबाचं. त्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. प्राथमिक गोष्ट आहे, खासनीस."

ऊर्मिलाने मान हलवली. तर्कात चूक नव्हती.

दौलतने लिंबू उलटं केलं. सालीच्या सुरकुतीत, पावसाला पोचता आलं नव्हतं तिथे, लाल बोट उमटलेलं होतं.

"मग कुंकू कशापायी लावलंसा, सायेब?"