डावीकडे झुकते, नको

जुनी व्हॅन बघायला गेले की मी आधी तिच्या मागे दहा पावलांवर उकिडवी बसते. विकणारे हसतात. हसू देत. इंजिन धुऊन चकचकीत करता येतं, गंजावर रंग फासता येतो, पण व्हॅन उभी कशी राहते ते लपवता येत नाही. मग मागच्या बंपरवर गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी ठेवायची आणि बुडबुडा मधोमध येतो का ते बघायचं. त्यानंतर आत शिरून टेपने मोजमाप, तळाचा पत्रा, दारांच्या बिजागऱ्या, आणि शेवटी चासी नंबर. हे सगळं मी वहीत लिहिते. मोटारसायकली दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. माणसांपेक्षा माझा वहीवर जास्त विश्वास आहे.

या वेळची व्हॅन भाचीसाठी हवी होती. पोर एकोणीस वर्षांची. तिने मोटारसायकलच्या रेसमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी माझी भावजय गॅरेजमध्ये आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, तिला अडवून ती थांबणार नाही, बापावर गेलीय. पण एक अट आहे. गाडी व्हॅनमधून जाईल आणि व्हॅनमधूनच परत येईल. ही पोर ती गाडी चालवत घरी येणार नाही. तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. तो माझ्याकडेच का मागितला, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी माझा धाकटा भाऊ, पोरीचा बाप, रेस संपवून त्याच मोटारसायकलवर घरी निघाला होता, कारण आमच्याकडे व्हॅन नव्हती. नव्हती, कारण मी निवडत होते. दीड वर्षात एकवीस व्हॅन बघितल्या आणि एकवीस नाकारल्या. "ताई, तू व्हॅन बघतेयस की जावई?" असं तो चिडवायचा. त्या दिवशी मी माझ्या छोट्या कारमध्ये हत्यारं घेऊन पुढे होते आणि तो मागे. रेसला उतरताना हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्ट्या लावतात, पडलंच तर काचेचे तुकडे पसरू नयेत म्हणून. त्याने दमलेल्या हातांनी त्या ओढून काढल्या होत्या, पण एक काळी पट्टी तिरपी तशीच राहिली होती. त्यामुळे मला आरशात मधून तिरपा कापलेला दिवा दिसत होता. खाणीजवळच्या वळणावर मी वळले. दिवा वळला नाही. मला वाटलं, पेट्रोलला थांबला असेल. मी चार किलोमीटर तशीच पुढे गेले.

ते चार किलोमीटर मी अजून रोज जाते.

असो. रेसला अकरा दिवस उरले असताना मला एका सुताराची व्हॅन कळली. त्याच्या कारखान्यासमोर ती उभी होती, गडद हिरवी, रंग हाताने मारलेला. मी दहा पावलांवर बसले. व्हॅन डावीकडे झुकली होती. फार नाही, बोटभर. पट्टी ठेवली तर बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला.

"आत सामान आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. कालच झाडून काढली." सुताराने दार उघडलं.

आत खरंच काही नव्हतं. लाकडाच्या भुशाचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, साखळीच्या तेलाचा आणि तापलेल्या रबराचा. हा वास मी झोपेतही ओळखेन. तळाच्या पत्र्यावर कपाटं ओढल्याचे ओरखडे होते, पण सगळे उजवीकडे. डावीकडचा हातभर रुंदीचा पत्रा दारापासून पुढपर्यंत कोरा होता.

"मोटारसायकल न्यायचात का हिच्यातून?"

"छे. आम्ही लाकूडवाले."

"मग डावीकडे काहीच कसं ठेवलं नाहीत?"

तो पायाने भुसा सारखा करत राहिला. "ठेवलं तर सरकतं," तो म्हणाला. मग, "बाई, एक सांगून टाकतो, नंतर म्हणाल बोलला नाही. घेतली तेव्हा दोन आठवडे छान हलकी चालली. मग एका संध्याकाळी उभ्या उभ्या जड झाली. मी इथेच होतो, डोळ्यांदेखत खाली बसली. स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर बदलले, तीन मेकॅनिक झाले. रिकामी असली तरी भरल्यासारखी चालते. पण रस्त्यात कधी दगा दिला नाही."

"कधीची गोष्ट?"

"झाली की नऊ वर्षं."

मनात पाल चुकचुकली, पण मी ती मनातच ठेवली. समोर भंगारवाल्याचा वजनकाटा होता. व्हॅन त्यावर चढवली. कागदावर रिकाम्या व्हॅनचं वजन सोळाशे चाळीस किलो होतं, काटा अठराशे एकसष्ट सांगत होता. खाली शिरून मी चासी ठोकून बघितली, पोकळ जागांमध्ये तार घालून बघितली. दोनशे एकवीस किलो कुठे लपलेत ते सापडलं नाही.

दुसरी कुठलीही असती तर मी वही मिटून घरी आले असते. पण एकदा निवडत बसल्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं, आणि अकरा दिवसांनी पोर रस्त्यावर असती. आयुष्यात पहिल्यांदाच, खोट ढळढळीत दिसत असताना, मी हो म्हटलं.

संध्याकाळी चासी नंबर वहीत उतरवताना हात थांबला. शेवटचे चार आकडे मी आधी कधीतरी लिहिले होते. फळीवरून जुनी वही काढली. एकविसावी नोंद माझ्याच अक्षरात होती, नंबर तोच. "पांढरी. तळ चांगला. डावीकडे झुकते. नको."

तेव्हा सगळं आठवलं. ती व्हॅन त्याला फार आवडली होती. मी मागे बसून बघत होते आणि तो आत शिरून डाव्या भिंतीला पाठ लावून लांब पाय पसरून बसला होता. "ताई, घेऊन टाक. माझी जागा झाली." मी म्हटलं, झुकतेय. तो आतून हसत ओरडला, "अगं, मी बसलोय म्हणून झुकतेय!" मी म्हटलं, "उतर." तो उतरला. तरी मला ती झुकलेलीच वाटली, आणि मी नको लिहिलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी रेस होती.

मग मी कागद घेतला आणि एक बेरीज केली. त्याची मोटारसायकल पेट्रोलसकट एकशे बावन्न किलोची होती. चामड्याच्या पोशाखात आणि हेल्मेटसकट तो एकोणसत्तर किलो भरायचा.

बेरीज मी कोणाला दाखवली नाही.

पुढचे दिवस कामात गेले. तळाला कड्या जोडल्या, चढवायला फळी केली. मोटारसायकल आवळायचे पट्टे मी नेहमीसारखे आत कोपऱ्यात फेकून दिले होते. सकाळी भाची आत डोकावून म्हणाली, "आत्या, आज सूर्य कुठून उगवला? किती छान गुंडाळून ठेवलेस!" चारही पट्टे वळकटीसारखे गुंडाळलेले होते आणि प्रत्येकाला जुन्या ट्यूबचं कापलेलं रबरी कडं घातलं होतं. असे पट्टे आमच्या गॅरेजमध्ये एकच माणूस ठेवायचा. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. तो आला होता, आणि त्याला व्हॅन मिळाली होती.

रेसला जाताना त्रास झाला नाही. आम्ही भाचीची गाडी उजव्या भिंतीला लावून आवळली आणि डावीकडे काही ठेवलं नाही. तिने का ते विचारलं, मी म्हटलं, "हत्यारं ठेवायला जागा लागेल." पोर तिसरी आली. हेल्मेट काढल्यावर तिचं तोंड बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

परत निघताना गाडी व्हॅनमध्ये जाईना.

फळीवरून अर्धी चढली आणि डावं हँडल कशाला तरी अडलं. अडण्यासारखं तिथे काही नव्हतं. मी टेपने मोजलं. जागा एकशे सत्तर सेंटीमीटर होती, हँडल चौऱ्याहत्तर. पुन्हा ढकलली, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा दोघींनी जोर लावून कशीबशी आत घातली आणि पट्टे आवळले, तर डावीकडचा पट्टा खटक्यासकट सुटला. पुन्हा आवळला. पुन्हा सुटला. गाडी हळूहळू कलून दाराकडे सरकू लागली. आम्ही ती धरून खाली उतरवली.

भाची दमली होती बिचारी. तिने घाम पुसला, हेडलाइटवरच्या पट्ट्या ओढून काढायला सुरुवात केली आणि म्हणाली,

"राहू दे ना आत्या. जागाच नाहीये. मी चालवत येते, तू पुढे हो."

नऊ वर्षांपूर्वी त्याचे हेच शब्द होते, शेवटचे.

"पाणी घेऊन ये," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

ती गेली. मी व्हॅनमध्ये चढले आणि दार ओढून घेतलं. आत गरम होत होतं. रबराचा वास इतका दाट होता की घसा खवखवला. डावीकडे पत्रा कोरा होता. मी त्याच्यासमोर बसले.

"तुझ्या पोरीला जागा नाहीये," मी म्हटलं.

काही झालं नाही.

"ती चालवत यायचं म्हणतेय. त्याच रस्त्याने."

बाहेर कोणीतरी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली.

"तुझ्याचसाठी घेतली असती रे तेव्हा. चुकले मी. पण आता तिची पाळी आहे."

मग मी ते म्हटलं. दुसऱ्यांदा.

"उतर."

व्हॅन उचलली गेली. पाटे कुरकुरले आणि डावी बाजू बोटभर वर आली. वास गेला. नुसता लाकडाचा भुसा उरला.

भाची पाणी घेऊन आली. गाडी एका हाताने आत गेली. पट्टे पहिल्याच खटक्याला बसले.

आम्ही निघालो. ऊन उतरलं होतं. व्हॅन इतकी हलकी झाली होती की सुरुवातीला ब्रेक जास्तच लागत होते. भाची शेजारी बसून पाच मिनिटांत झोपली. मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, व्हॅनमधून येतोय.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी बाजूच्या आरशात बघितलं.

मागे एक दिवा होता.

एकच. बराच मागे. मी वेग वाढवला, तो तेवढाच मागे राहिला. कमी केला, तरी तेवढाच.

मधून तिरपा कापलेला.

खाणीचं वळण आलं. मी जमेल तेवढी हळू वळले. वळून पुढे थांबले, इंजिन चालू ठेवलं आणि आरशात बघत राहिले.

दिवा वळला नाही.

या वेळी मी पुढे गेले नाही. खाली उतरून चालत वळणापर्यंत गेले. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. परत येताना सवयीने दहा पावलांवर बसून व्हॅनकडे बघितलं. ती अगदी सरळ उभी होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. पोर चांगली चालवते, तिची आई हल्ली रेस बघायला येते. भाची मला चिडवते, की आत्या, त्या वळणावर तू व्हॅनची गोगलगाय का करतेस. गाडी व्हॅनमधून जाते आणि व्हॅनमधूनच येते. दिलेला शब्द मी मोडलेला नाही.

फक्त निघण्याआधी मी भाचीला काहीतरी आणायला पाठवते. मागचं दार सताड उघडते, डावीकडची जागा हाताने झाडते आणि बंपरवर बुडबुड्याची पट्टी ठेवते. "चल, चढ," मी म्हणते. "होईल जागा दोघांना." मग उकिडवी बसून वाट बघते. बुडबुडा मधोमधच राहतो. भाची येताना दिसली की मी दार लावते, व्हॅनमध्ये पुढे बसते, आणि बाजूचा आरसा नीट करून घेते.