एका चुलीचं वावरचित्र

घर विकायला काढलं की फोटो निघेपर्यंत त्याच्या भिंतींना हात लावायचा नसतो, हे आता सांगलीत शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मृणाल आणि तेजश्री आरवाडे या दोघी म्हाताऱ्या जावांना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या तरुणपणी घराचा फोटो म्हणजे नुसता फोटो असे. त्यामुळे चार लोक घर बघणार म्हटल्यावर आपल्याकडे जे करतात तेच त्यांनी केलं. जळमटं काढली, फरशी घासली आणि सगळ्या घराला झकास रंग देऊन घेतला.

घरांचे फोटो काढून गिऱ्हाईक गाठून देणारी डॉ. निशिगंधा कुलथे कॅमेरा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काकू, रंग दिलात?"

"मग? कळकट भिंती दाखवायच्या होय लोकांना?" थोरल्या मृणालकाकू म्हणाल्या.

"आणि पक्का व्हायला भिंती तापवल्या असतील."

"तापवल्या की! चांगल्या कडक तापवल्या," धाकट्या तेजश्रीकाकू अभिमानानं म्हणाल्या. कित्येक वर्षांत दोघींचं एकमत झालं ते या रंगावरच, आणि तेही नेमकं नको तिथं.

निशिगंधानं कॅमेरा फिरवला आणि त्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

गिलाव्यात हल्ली स्पंदकण मिसळतात. तडा जायच्या आत भिंतीनं सूचना द्यावी म्हणून हे बारीक स्फटिक आले, आणि मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ते तड्यांइतकीच माणसांचीही दखल घेतात. पावलांचा हादरा, बोलण्याचा आवाज, शेगडीची ऊब यांनी प्रत्येक कण किंचित वळतो. एखाद्या वेळी वळला तर आपोआप जागेवर येतो. तेच रोज घडत राहिलं तर मात्र वळलेलाच राहतो, रोज टेकून बसलेल्या लोडाला खळगा पडावा तसा. हे कण वाचून काढलेलं चित्र म्हणजे वावरचित्र. घरात माणसं कुठं वावरली, कुठं रेंगाळली, कुठं एकत्र बसली, ते त्यात रंगांतून दिसतं. भिंत तापली की सगळे कण मूळपदावर येतात आणि घर सगळं विसरतं.

"कोरं घर कुणी घेत नाही, काकू. लोकांना वाटतं, इथं काहीतरी लपवलंय," निशिगंधा म्हणाली.

"आमच्याकडे मेलं लपवायला काय असणार?" मृणालकाकू फणकारल्या.

निशिगंधाची नजर स्वयंपाकघराकडे गेली. ओट्याच्या मधोमध एक पडदा टांगला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शेगडी होती. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पितळी परातीवरून दोघींचं वाजलं. परात कुणालाच मिळाली नाही, ती माळ्यावर गेली, आणि चुली दोन झाल्या. पुढं दोघींचे नवरे गेले तरी पडदा राहिला. आता घर विकून दोन छोटे फ्लॅट घ्यायचे आणि उरलेलं आयुष्य एकमेकींचं तोंड न बघता काढायचं, एवढीच दोघींची इच्छा होती.

"पुन्हा राहून उमटवावं लागेल," निशिगंधा म्हणाली. "महिना, दीड महिना. पण असा पडदा लावून राहिलात तर भांडकं घर उमटेल. त्याला गिऱ्हाईक नाही."

"मग तू यायच्या दिवशी बसू की शेजारी शेजारी," तेजश्रीकाकू म्हणाल्या.

"एका दिवसाचं सोंग उमटत नाही. रोज करावं लागेल."

"मनात नसलं तरी चालेल?"

"कणांना मन कळत नाही, काकू. फक्त सवय कळते."

घर खपावं म्हणून सोंग सुरू झालं. पडदा उतरला. दोघींना पुरेल एवढं पीठ मळायला परात लागली, म्हणून मृणालकाकूंनी शेजारच्या मुलाकडून ती माळ्यावरून काढवली. तेजश्रीकाकूंनी ती चिंच लावून लख्ख घासली. पहिल्या आठवड्यात दोघी भिंतीकडे बघूनच बोलायच्या.

"मीठ कमी पडलंय."

"भिंतीला सांगताय का मला?"

"भिंतीलाच. तिचाच फोटो निघणार आहे."

यावर तेजश्रीकाकूंना हसू आलं आणि मग मृणालकाकूंनाही आवरेना. पुढं पुढं हसायचं ठरवावं लागत नव्हतं. एकीला खोकला झाला तर दुसरी सुंठेचा काढा करी आणि वर ऐकवी, "भिंतीसाठी करतेय हं!"

निशिगंधा पुन्हा आली तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वयंपाकघर उजळून निघालं होतं. ओट्यापाशी दोघींच्या वावराचे रंग एकमेकांत असे मिसळले होते की कुठला कुणाचा ते सांगता येत नव्हतं. एका तरुण जोडप्यानं चित्र बघताच कळवलं, "असंच नांदतं घर हवं होतं. आमचं नक्की."

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते झालं होतं. पण दोघींपैकी कुणाचाच चेहरा खुलला नाही. मृणालकाकू चित्राकडे बघत राहिल्या.

"पोरी, हे सगळं नुसत्या सवयीनं उमटलं ना?"

"हो, काकू."

"मग इतकी वर्षं आम्ही भांडलो, तीही नुसती सवयच होती का गं?"

निशिगंधानं कॅमेरा बाजूला ठेवला.

तेजश्रीकाकूंचे डोळे भरून आले. "परात तुम्हीच घ्यायची होती, ताई," त्या म्हणाल्या. "मी उगीच हट्ट केला."

"घेऊन काय करणार होते? एकटीला केवढी मोठी ती!" मृणालकाकूंनी पदरानं डोळे पुसले आणि पिठाचा डबा ओढला. "निशिगंधा, आता जेवूनच जा. आणि आमच्यासाठी दोन नको, एकच फ्लॅट बघ. ओटा तेवढा मोठा असू दे."

"बघते की. वावरचित्र कसं असलेला बघू?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोरा बघ," तेजश्रीकाकू म्हणाल्या.